तैलव्यक्तिचित्र आणि प्रतिकृतीचा अभ्यास

पुनावळे



तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकणाऱ्याने आरंभी एखाद्या अभिजात चित्राची प्रतिकृती करावी, ही जुनी रीत आजही उपयुक्त आहे. मात्र तिचा हेतू हुबेहूब नक्कल साधणे हा नसून, मूळ चित्रकाराने कोणता रंग कोणत्या क्रमाने आणि कशासाठी लावला हे स्वतःच्या हाताने उमजून घेणे हा आहे. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगात करवून घेतल्या, आणि त्या कामात हात घडलेले पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी माणसांची व्यक्तिचित्रे रंगवणारे नामवंत चित्रकार झाले.

अभ्यासासाठी व्हर्मीरचे सुमारे १६६५ सालचे, मोत्याचे कर्णभूषण ल्यालेल्या मुलीचे चित्र निवडावे, कारण ते जेमतेम ४४ बाय ३९ सेंटिमीटरचे असल्याने मूळ मापातच रंगवता येते. त्यात नाकाचा कणा पलीकडच्या गालापासून वेगळा करणारी रेषाच नाही, तरीही नाक स्पष्ट भासते. मोत्यालाही पूर्ण कड नाही, वर एक ठळक उजळ ठिपका आणि खाली गळपट्टीचा फिकट परावर्तित प्रकाश, एवढ्यावरच तो उभा आहे. अशा जागी पाठ केलेले नाक किंवा मोती न काढता, दिसतो तेवढाच छायाप्रकाश उतरवावा.

रेखांकनानंतर अंडरपेंटिंग, म्हणजे तपकिरी अंबर रंगात केवळ छायाप्रकाश मांडणारा पहिला थर, टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा. तो वाळल्यावर त्वचेचे रंग आणि अखेरीस ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक लेप, चढवावा. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून वरच्या थरात तेल उत्तरोत्तर वाढवावे, अन्यथा वरचा थर आधी वाळून खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. पुनावळ्यात बांधकामांची धूळ फार, त्यामुळे ओला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवावा. टर्पेंटाइन वापरताना मात्र खिडकी उघडीच असावी.

प्रतिकृतीच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव प्रामाणिकपणे लिहावे. त्यानंतर विलंब न लावता घरातील एखाद्या माणसास डावीकडून उजेड येईल असे बसवून त्याच क्रमाने रंगवावे, कारण समोरचा जिवंत चेहरा साधला तरच प्रतिकृतीचे श्रम सार्थकी लागतात.