दिवा लागतो, मग इंजिन का नाही?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन या महानगराच्या नैर्ऋत्येस शुगर लँड नावाचे शहर आहे. पूर्वी येथे साखरेचा मोठा कारखाना होता. २००३ मध्ये तो बंद झाला. शहराचे नाव मात्र तेच राहिले. शहराच्या कडेने ब्राझोस नदी वाहते. गॅल्व्हेस्टनचा समुद्रकिनारा मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. नोकरीच्या निमित्ताने गेलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात राहतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये ‘हार्वे’ हे चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळले. पाऊस काही केल्या थांबेना. ह्यूस्टनच्या परिसरात काही ठिकाणी थोड्याच दिवसांत एक मीटरहून अधिक पाऊस पडला. रस्त्यांच्या नद्या झाल्या. तेव्हा सरकारी पथकांबरोबर सामान्य नागरिकही आपापल्या लहान मोटारबोटी घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी पाण्यात अडकलेल्या माणसांना बाहेर काढले. एरवी या बोटी मासे पकडायला किंवा सुटीत फिरायला न्यायच्या. कित्येक तर महिनोन्‌महिने आवारात झाकून ठेवलेल्या असतात. अशी बोट ऐनवेळी सुरू झाली नाही तर?

प्रथम अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात. बॅटरीचा मुख्य खटका चालू आहे ना? गिअर मधल्या, म्हणजे मोकळ्या स्थितीत आहे ना? चालकाच्या अंगाला अडकवण्याची एक दोरी असते. चालक पाण्यात पडला की ती ओढली जाते आणि इंजिन बंद होते. ज्या लहान बोटींना ही सोय असते, त्यांच्या चालकांनी ती वापरणे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे आहे. या दोरीची कडी जागेवर नसेल तर काही इंजिने फिरतात पण पेट घेत नाहीत, तर काही मुळी फिरतच नाहीत. तासभर तारा तपासल्यावर कडी खाली पडलेली सापडावी, यासारखी चिडवणारी गोष्ट दुसरी नाही.

हे सर्व ठीक असूनही किल्ली फिरवल्यावर नुसता ‘खट्’ असा आवाज येतो, असे समजा. बोटीतला दिवा लावून पाहिला तर तो लख्ख लागतो. मग बहुतेक जण म्हणतात, “बॅटरी चांगली आहे, इंजिनच बिघडले.” येथेच चूक होते.

दिव्याला साधारण १ अँपिअर विद्युतप्रवाह पुरतो. इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटारीला, म्हणजे स्टार्टरला, १५० अँपिअर लागतात असे धरू. आता बॅटरीच्या अग्रावर गंजाचा पातळ थर बसला आहे आणि त्याचा रोध केवळ ०.०२ ओहम आहे. विद्युतप्रवाहाला रोधाने गुणले की त्या जागी किती व्होल्ट वाया जातात ते कळते. दिव्यासाठी ०.०२ व्होल्ट, ते डोळ्यांना जाणवणारही नाहीत. स्टार्टरसाठी मात्र ३ व्होल्ट! बारापैकी नऊच उरले, तर स्टार्टर जोमाने कसा फिरणार? बारीक भोकाच्या तोटीतून तांब्या भरतो, पण त्याच तोटीवर शेत भिजत नाही, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून तपासणी स्टार्टर ओढत असतानाच करावी. दिवा लावून ठेवावा आणि किल्ली फिरवावी. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या अग्रावरचा जोड खराब आहे. दिवा तसाच लख्ख राहिला, तर दोष पुढे, स्टार्टरकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा स्टार्टरमध्येच आहे. एवढ्याने निम्मे काम होते, आणि त्याला कोणतेही उपकरण लागत नाही.

व्होल्टमापक असेल तर अधिक नेमके कळते. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दाखवले तर ती निम्मी रिकामी आहे असे समजावे. इंजिन चालू झाल्यावर हाच आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. तो वाढलाच नाही, तर बॅटरी भरली जात नाही. मग व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या अग्रावर आणि दुसरे त्याच अग्रावर आवळलेल्या पट्टीवर टेकवावे व सोबत्याला किल्ली फिरवायला सांगावे. जोड चांगला असेल तर काटा जवळजवळ शून्यावर राहतो. अर्धा व्होल्ट दिसला तरी चोर सापडला! असेच एकेक जोड तपासत पुढे जावे. ऋण बाजूच्या तारेकडे दुर्लक्ष करू नये. परतीची वाट अडली तरी प्रवाह थांबतोच.

हे जोड बोटीतच इतके का बिघडतात? खारे पाणी सुकते, पण मीठ मागे उरते आणि ते हवेतला ओलावा धरून ठेवते. तांब्यावर हिरवट थर चढतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी जोड सैलही होतात. यासाठी चांगल्या बोटींत कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तीच ही युक्ती. हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या बंदरातील बोटींनाही हाच शत्रू छळतो.

जोड साफ करताना आधी ऋण अग्राची तार सोडवावी. धन अग्र आधी सोडवताना पाना चुकून इंजिनाच्या धातूला लागला, तर मोठी ठिणगी उडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचून राहते. म्हणून आतल्या बाजूस पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीत, सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे हवा बाहेर टाकणारा पंखा चालवतात आणि वासही घेऊन पाहतात.

वितळतार पुन्हा पुन्हा जळत असेल तर तिच्या जागी जाड तार घालण्याचा मोह होतो. मग वितळतारेऐवजी बोटीतली तार तापते, आणि पाण्याच्या मध्यावर आग लागली तर पळणार कोठे? जळण्याचे कारणच शोधावे. बहुधा कोठेतरी तारेचे आवरण घासलेले असते.

तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाची परीक्षा तर दर खेपेला घ्यावी. त्याचा तरंगता खटका हाताने वर उचलावा. पंप घरघरला पाहिजे. तो घरघरतो पण पाणी फेकत नाही, असे असेल तर बहुधा जाळीत कचरा अडकलेला असतो. तो मुळीच हलला नाही तर वितळतार व जोड पाहावेत, आणि तोवर बोट धक्क्यावरून सोडू नये.

खोल पाण्यात सगळेच बंद पडले, तर हातात पाना घेण्याआधी नांगर टाकावा. नाहीतर दुरुस्ती चालू असताना बोट वाहवत खडकांवर जाईल. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे चढवावीत. मदतीसाठी समुद्री रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी असते. बोटीतला रेडिओ मात्र त्याच बॅटरीवर चालतो, म्हणून स्वतःची बॅटरी असलेला हातातला रेडिओही बरोबर ठेवावा, आणि तो घरून निघतानाच भरलेला असावा.