मनाच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना

आमच्या शेजारी एक शेतकरी राहतात. घरची अडीच एकर धानाची शेती आहे. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही, पण त्यांची हकिकत सांगायची त्यांनी आम्हांला मोकळीक दिली आहे.

होळी झाली आणि त्यांची झोप गेली. रात्री दोन वाजता उठून ओट्यावर बसायचे. घास गिळवेना. बैलांना तणस टाकायला गेले की तिथेच उभे राहायचे. मंडईत रात्रभर जागून दंडार पाहणारा हा माणूस, पण आता घराबाहेर पडेना. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, बाहेरचं आहे. दोन ठिकाणी उतारा झाला. एक बोकड गेला. शेवटी गावच्या आशाताई आल्या. त्या म्हणाल्या, "काका, ताप जसा अंगाचा आजार, तसा हा मनाचा आजार असू शकते. डॉक्टरले दाखवा."

वैशाखात आम्ही त्यांना घेऊन एका दवाखान्यात गेलो. सोबत त्यांचे मोठे भाऊ होते. डॉक्टरांनी विचारले, "काय त्रास होतो?" शेजाऱ्यांनी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलले, "काही नाही जी, थोडी झोप येत नाही." आम्ही मास्तर. आम्हांला बोलायची सवय. आम्हीही दोन वाक्ये ठोकून दिली. बाहेर गर्दी होती. पाच मिनिटांत सारे आटोपले. ज्याचा आजार, तो एक शब्द बोलला नाही.

परतताना ते हळूच म्हणाले, "गुरुजी, जे सांगाचं होतं ते राहूनच गेलं."

काय राहिले, ते आम्ही विचारले नाही. ती चूक आमची.

मंडळी, पाय मोडला तर डॉक्टरला डोळ्यांनी दिसतो. मन दिसत नाही. रक्त तपासून दुःख किती ते कळत नाही. मनाच्या डॉक्टरला मुख्य आधार एकच, तो म्हणजे तुमचे सांगणे. आणि आयत्या वेळी ते सुचत नाही. नवी जागा असते, लाज असते, जीव घाबरतो. म्हणून सांगायचे ते घरीच ठरवून न्यावे.

आमच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी आपल्याच रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवली होती. मृग लागल्यावर दुसऱ्यांदा जायचे ठरले. तेव्हा आम्ही त्यांना एक कोरा कागद दिला आणि घराबाहेर गेलो. त्यांनी एकट्यानेच लिहिले. कागद असा होता :

होळीपासून झोप नाही.
भूक नाही. काम सुचत नाही.
बँकेचं कर्ज आहे. भावाले माहीत नाही.
खर्रा रोज चार. मोहाची कधी कधी.
मरावं असं मनात येते.

पाचच ओळी. दोन शब्द चुकले होते, ते आम्ही येथे सुधारून छापले आहेत. शेवटची ओळ वाचून आमचे हात थरथरले. वैशाखात राहून गेले ते हे होते.

तुमचा कागद असाच असावा असे नाही. पण त्रास केव्हापासून आहे हे लिहावे. तारीख आठवत नसेल तर पोळा, दिवाळी, रोवणा, काही तरी खूण सांगावी. झोप, भूक आणि काम यांचे काय झाले, ते लिहावे. घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता काय, तेही सांगावे. दारू, खर्रा, तंबाखू यांचा आकडा खरा द्यावा. डॉक्टर रागवायला बसलेले नाहीत. काही गोळ्या आणि दारू मिळून जिवाला अपाय होतो, म्हणून ते विचारतात. ज्यांना अजून लिहिणे जमत नाही, त्यांनी बोटांवर पाच गोष्टी मोजून पाठ कराव्या. तेही चालते.

पिशवीत जुना केसपेपर घ्यावा. बीपी, साखर, मिरगी, कशाच्याही गोळ्या चालू असतील तर रिकामी पाकिटे सुद्धा न्यावी. वैद्याची पुडी असेल तर तीही. आपल्या भागात सिकलसेलचे रोगी बरेच आहेत. ज्यांच्याजवळ त्याचे कार्ड आहे, त्यांनी ते विसरू नये. डॉक्टर कदाचित रक्तही तपासायला सांगतील. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले किंवा अंगात रक्त कमी पडले, तरी माणूस मलूल होतो.

आता जायचे कोठे? आमच्या लहानपणी मनाचा आजार म्हटले की नागपूर. तेथले मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. लोक त्याला पागलखाना म्हणत आणि नाव घेतले तरी घाबरत. आज प्रत्येक रोग्याला तेथे न्यावे लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत ही सोय व्हावी म्हणून सरकारने १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते केटीएस रुग्णालयाशी जोडून. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथल्या लोकांनी आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. मनाचे डॉक्टर कोणत्या वारी कोठे बसतात, ते पक्के विचारूनच निघावे. नाही तर गाडीभाडे जाते आणि मजुरीही बुडते.

तेथे दोन प्रकारची माणसे भेटतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते गोळ्या लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक गोळ्या देत नाहीत, ते बोलण्यातून उपचार करतात. "बोलून का रोग जाते?" असे भाऊंनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. नुसत्या गप्पांनी जात नाही. पण मन एकाच विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत असते. तो विचार कोणता आणि तो कितपत खरा, हे समुपदेशक आपल्याकडूनच काढून घेतात. मग लहानसे काम देतात. आमच्या शेजाऱ्यांना दिलेले काम असे : रोज सकाळी बांधीपर्यंत जाऊन यायचे आणि वहीत एक खूण करायची. हे एका दिवसात होत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते. गोळ्यांचेही तसेच. उदासीवरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती फेकू नये. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये.

सोबत कोणाला न्यावे? ज्याच्याजवळ मन मोकळे होते, त्याला. पण थोडा वेळ तरी रोग्याला एकट्याला डॉक्टरजवळ बसू द्यावे. दुसऱ्या वेळी त्यांची बायको सोबत गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि तोंड मिटून राहिलो. मास्तराला ते सोपे नाही, बरं का!

भाषेची लाज धरू नये. पोवारीत, गोंडीत, छत्तीसगढीत, जशी येते तशी सांगावी. डॉक्टरांना कळत नसेल तर मधे सांगणारा माणूस मागावा.

मरणाचा विचार येत असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगावा. लोक दोन भीतींनी तो लपवतात. एक, पोलीस धरतील. तसे नाही. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, तो मे २०१८ पासून लागू आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तो मोठ्या मानसिक ताणाखाली होता असे हा कायदा धरून चालतो आणि त्याची काळजी घेणे सरकारवर सोपवतो. मनात विचार येणे हा तर गुन्हाच नाही. दुसरी भीती, गावभर होईल. त्याच कायद्याने रोग्याची गोष्ट गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र ते गरजेपुरते सांगू शकतात. रोग्याला साखळीने बांधण्यालाही याच कायद्याने बंदी आहे.

आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत तेच झाले. कागद वाचून डॉक्टरांनी त्यांना विचारले, "घरी फवारणीचं औषध आहे काय?" होते. त्यांची परवानगी घेऊन बायकोला आत बोलावले. त्याच संध्याकाळी ते डबे भाच्याच्या घरी कुलपात गेले. भाऊंना कर्जाचेही कळले. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः बँकेत चला म्हणाले.

अशी वेळ घरात आली आणि दवाखान्याचा दिवस दूर असला, तर माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन २०२२ सालापासून आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. जीव धोक्यात दिसला तर १०८ वर फोन करून गाडी बोलवावी.

केसपेपरवर पुढची तारीख पडली ती नेमकी रोवण्यात. पऱ्हे तयार होते, पाऊसही चांगला होता. शेजारी म्हणाले, "आता कामं सोडून कुठं जाचं?" बायकोने ऐकले नाही. भाऊंनी बांधीवर बाया लावून दिल्या आणि ते दोघे सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले. खिशात नवा कागद होता. त्यात पहिली ओळ होती : चार तास झोप लागते.