तळपाय दाखवा

‘कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांचा, आपल्याला कुठला!’ असं माझ्या ओपीडीत कुणी ना कुणी अगदी खात्रीने सांगतं. त्वचारोगाचं काम करता करता या बोलण्यातलं खरं काय आणि घातक काय, हे मला हळूहळू उमगत गेलं.

१. त्यात खरं बरंच आहे. उन्हातले अतिनील किरण पेशींमधल्या डीएनएची मोडतोड करतात, आणि दुरुस्ती अपुरी राहिलेली एखादी पेशी पुढे कधीतरी बेफाम वाढू लागते. मेलॅनिन हे आपल्या कातडीतलं रंगद्रव्य त्यातले बरेच किरण वरच्यावर अडवतं. म्हणून गोरी कातडी, लालसर केस, उन्हात लाल होऊन सोलवटणारं अंग असलेल्यांना धोका सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियात हा आजार इतका आहे की तिथे १९८१ मध्ये ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ म्हणजे शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला, अशी मोहीमच निघाली. तिथल्या कित्येक शाळांत टोपी नसेल तर पोराला मैदानात सोडत नाहीत.

२. पण आपल्याकडे हा आजार ऊन लागत नाही अशा जागीही भेटतो, याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं. मेलॅनोमा हा सर्वांत घातक प्रकार सावळ्या माणसाला झाला, तर तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला. शेतात राबलेल्या एका आजींनी मला टाच दाखवली ती ‘कुरूप हाय, कापलं की रगत येतं’ म्हणून. पाय धुऊन पाहिला तर टाचेवर काळा डाग, आणि त्याच्या कडा टीपकागदावर शाई पसरावी तशा वेड्यावाकड्या. तेव्हापासून कुणी चेहऱ्यावरचे वांग दाखवायला आलं तरी मी चप्पल काढायला सांगते.

३. जुन्या व्रणाकडे कुणीच बघत नाही. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या, चुलीवरचं आधण अंगावर सांडलेल्या बायका आपल्याकडे किती! व्रण भरतो, कातडी आवळते, संसार पुढे जातो. मग वीस-तीस वर्षांनी त्याच जागी एक जखम होते. खपली धरते, निघते, पुन्हा पाणी सुटतं. ‘ते जुनंच आहे हो’ म्हणून बाई पदर ओढून घेते. पण ती जखम म्हणजे कॅन्सर असू शकतो. अशा जखमांना मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाचं नाव आहे. त्याने त्यांचं वर्णन १८२८ मध्ये केलं होतं. कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायांवरच्या, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमांतही हा कॅन्सर होतो. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि आधीच समाजाने दूर लोटलेलं असतं म्हणूनही येत नाही. या दुसऱ्या कारणाचा मला फार राग येतो.

४. रोजची सवयही कारण होते. काश्मीरमध्ये फेरनच्या, म्हणजे घोळदार झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. त्या उष्णतेने मांड्यांवर, पोटावर होणारा कॅन्सर तिथल्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या काच्याने कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं. परकराची नाडी करकचून आवळणाऱ्या बायकांतही तो आढळला आहे. आहे दुर्मीळच. पण कमरेवरचा तो काळा, राठ झालेला पट्टा आपल्या प्रत्येकीच्या आईच्या अंगावर आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला किती खर्च येतो? त्या पट्ट्यात न भरणारी चीर दिसली, तर मात्र पावडर टाकून गप्प बसू नये.

५. पाण्यानेही होतो. बंगालमध्ये कूपनलिकेच्या पाण्यातलं आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात जाऊन तळहात-तळपाय खरखरीत होतात, अंगावर ठिपके उठतात, आणि त्यातूनच पुढे कॅन्सर.

६. सर्वांत जास्त जपायला हवं अशा माणसांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. किडनी बदललेला पेशंट गोळ्या चुकवत नाही. पण त्याच गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात आणि कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढवतात, हे त्याच्या गावी नसतं. जन्मतःच रंगद्रव्य नसलेली मुलं भर दुपारी, उघड्या डोक्याने शाळेच्या कवायतीत उभी असतात. झीरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजारात तर उन्हाने बिघडलेला डीएनए नीट दुरुस्तच होत नाही. लहानपणीच चेहरा ठिपक्यांनी भरतो आणि कोवळ्या वयात कॅन्सर होतात. असं लेकरू समोर आलं की आईबाप नात्यातले का, हे विचारावंच लागतं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कौतुकाचं, त्यामुळे हा प्रश्न मी फार जपून विचारते.

७. ‘सुई लावली की पसरतो’ ही भीती मला सर्वांत जास्त दमवते. या भीतीपोटी गाठीला चुना लावतात, घोड्याचा केस बांधतात, आणि महिने जातात. प्रत्यक्षात जागा बधिर करून कातडीचा इवलासा तुकडा काढायचा, एखाद-दुसरा टाका घालायचा आणि तुकडा तपासायला पाठवायचा, एवढंच असतं. त्याने रोग पसरत नाही. नाकाजवळ सावकाश वाढणारा बेसल सेल प्रकार तर वेळेत काढला की बहुतेकदा तिथेच संपतो. एवढं सांगून मी पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही बसवून घेते, कारण ‘करू या’ हे बरेचदा त्यालाच म्हणायचं असतं.