अर्ज लिहिला तसाच पोहोचावा

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र व सोबतचा बायोडेटा पोहोचला. मजकूर नेटका आहे. त्यात फेरफार सुचवावा असे काही आढळले नाही. तथापि तो ईमेलने वर्डमध्ये धाडावा की पीडीएफमध्ये, हा प्रश्न तू अखेरीस एका ओळीत उरकला आहेस, आणि या घडीला अधिक विचार करण्याजोगा तोच आहे, असे माझे मत आहे.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत अर्जांची छाननी माझ्याकडे होती. एका अर्जदाराने युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेखन करून वर्डची फाईल पाठविली होती. तो फॉन्ट आमच्या संगणकावर नसल्याने, जेथे त्याचे नाव असावयाचे तेथे रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची अर्थशून्य रांग उमटली. 'वाचता येत नाही' असा शेरा मारून मी तो अर्ज बाजूस ठेवला. दुसरी प्रत मागविणे माझ्या हाती होते. कामाच्या रेट्यात मी ते केले नाही, आणि त्या गृहस्थाची योग्यता काय होती हे मला कधीच कळले नाही, याची बोचणी आजही आहे.

याचे कारण असे की, वर्डची फाईल सहसा अक्षरांची वळणे स्वतःबरोबर नेत नाही. ती फॉन्टचे केवळ नाव सांगते, आणि तो समोरच्याकडे नसला म्हणजे तेथील संगणक दुसरा फॉन्ट योजतो, ओळी सरकतात, तक्ते मोडतात. अडोबी कंपनीने 1993 साली आणलेल्या आणि 2008 पासून आयएसओचे खुले मानक झालेल्या पीडीएफमध्ये मात्र वळणेही फाईलमध्येच बांधून देता येतात, म्हणून पान लिहिले तसेच उघडते. यास्तव जाहिरातीत काही नमूद नसेल तर पीडीएफच धाडावी. वर्डची फाईल मागितली असेल तर मात्र निमूटपणे वर्डचीच द्यावी, कारण नोकरभरती करणाऱ्या एजन्सीला पुष्कळदा तीत स्वतःचे शीर्षक घालावयाचे असते. मागणाऱ्याची सोय पाहणे हाही अर्जाच्या शिष्टाचाराचाच भाग होय.

एका चुकीपासून विशेष जपावे. छापील बायोडेट्याचा मोबाईलवर फोटो काढून त्याचीच पीडीएफ केली, तर ती डोळ्यांना ठीक दिसते, पण तीत अक्षरे नसतात, केवळ चित्र असते. आणि आज अनेक कंपन्यांत अर्ज प्रथम सॉफ्टवेअर चाळते, ज्याला असे पान बहुधा कोरेच वाटते. म्हणून फाईल तयार झाल्यावर आपले नाव तीतून कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावे. काहीच उमटले नाही, तर ते चित्र आहे असे समजावे आणि मूळ मसुद्यावरून नवी पीडीएफ करावी. देवनागरीत वेलांट्या व जोडाक्षरे अशा नकलेत कधी कधी विस्कटतात. तसे दिसल्यास नाव, पद आणि दूरध्वनी क्रमांक ईमेलच्या मजकुरातही स्वच्छ लिहावेत.

फाईलला 'फायनल नवा 2' असे नाव देऊ नये. आडनाव, नाव आणि पद एवढेच असावे, म्हणजे शेकडो अर्जांत ती चटकन सापडेल. पासवर्डही घालू नये. तो शोधण्याची उसंत छाननी करणाऱ्यास नसते.

अर्ज वाचला जातो तेव्हा खुलासा करावयास आपण तेथे हजर नसतो. आपल्या वतीने जे बोलावयाचे ते त्या फाईलनेच बोलावे लागते. म्हणून धाडण्यापूर्वी ती तुझ्या आईच्या मोबाईलवर पाठव, आणि तुझे नाव व शिक्षण तिला मोठ्याने वाचावयास सांग. तिने न अडखळता वाचले, की मगच अर्ज रवाना कर.

कळावे.

तुझा,
मामा