पाटाला रंग चढला, पण वाळेना

प्रश्न : आजीच्या सागवानी पाटाला घरीच तेलातला वूड स्टेन लावला. गडद दिसावा म्हणून दोन जाड हात दिले. चार दिवस झाले, अजून चिकटच आहे. पाट वाया गेला का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : छे, पाट शाबूत आहे. स्टेन म्हणजे ऑइलपेंट नव्हे. तो लाकडात मुरतो आणि न मुरलेला दहा-पंधरा मिनिटांत पुसून काढायचा असतो. तुमचा वरच साचला. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा, दोन दिवस वाळू द्या. मग डाग दिसले, तर खाली जुनं पॉलिश उरलंय. १२० नंबरच्या पॉलिशपेपरने ते घासावंच लागेल. (सागाला गडद रंग कशाला, हे माझं खासगी मत!) खिडक्या उघड्या ठेवा. तेलकट फडक्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर पसरून वाळवा.