हात लावण्याआधी

पंढरपूर

चि. सौ. छोटीस,


सोलापूरला सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीयूत तुझी ड्युटी लागली, फार बरं वाटलं. हात कधी स्वच्छ करायचे त्या पाच वेळा तुला पाठ असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्या आहेत. त्यातल्या ‘आधी’च्या वेळा हुकतात, म्हणून हे पत्र.

रक्त, शी-शू हाताला लागली की कुणीही धावत बेसिन गाठतं. तिथं स्वतःच्या जिवाची भीती असते. पेशंटला हात लावण्याआधी मात्र हात स्वच्छच दिसतात. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो, तू बटण दाबतेस, बेडची कडा धरतेस, कपाळावरची बट मागे सारतेस आणि तसंच सेंट्रल लाइनचं टोपण उघडतेस. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू कोरड्या बटणावरही कित्येक दिवस तग धरतात. ‘ग्लोव्ह्ज होते की’ हे मला सांगू नकोस. बटण ग्लोव्ह्जनीच दाबलंस ना?

ही चूक जुनीच आहे. १८४७ साली व्हिएन्नात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. तिथल्याच डॉ. सेमेलवाइसनं त्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं घटले. तरी मोठमोठे डॉक्टर मानेनात. आपल्याच हातानं पेशंट दगावतो, हे कुणाला ऐकवेल?

सोलापूरच्या नळांना रोज पाणी नसतं, हे तुला मी काय सांगू! पण बहुतेक वेळा अल्कोहोलचं हँडरब पुरतं. हात कोरडे हवेत; ओंजळीत नीट घे आणि वीस-तीस सेकंद, सुकेपर्यंत चोळ. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहतात, आणि सुई-नळीला नेमकी तीच लागतात. हात बरबटले असतील किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम जंतूचे जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. बेसिनपाशी टॉवेल टांगू देऊ नकोस. सोलापुरी टॉवेलचा मलाही अभिमान आहे, पण दहाजणांनी पुसलेलं ओलं फडकं तिथं नको.

राउंडला मोठे डॉक्टर आले की ‘सर, हँडरब’ म्हणून बाटली पुढे कर. रागावले तर रागावू देत.

हात नीट चोळायचे तर चुडाही नको; उतरवलास तर सासूबाई कुरकुरतील. त्यांच्याशी मी फोनवर बोलते. ड्युटीवर निघताना बांगड्या, अंगठी, घड्याळ घरीच ठेवत जा.

तुझी,
मावशी