नोंदींतली ग्रेस आणि कादंबरीतली ग्रेस

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजे, पेशवे आणि लढाया उभ्या राहतात. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या जीवनावरील रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) ही कादंबरी याचे परिचित उदाहरण होय. परंतु सामान्य माणसांनाही इतिहास असतो. त्यांचा उल्लेख पुष्कळदा न्यायालयाच्या किंवा तुरुंगाच्या कागदपत्रांतच काय तो सापडतो. अशा तुटपुंज्या नोंदींतून कादंबरी कशी घडते, हे या पाठात पाहावयाचे आहे. त्यासाठी कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांची 'एलियस ग्रेस' (१९९६) ही इंग्रजी कादंबरी निवडली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• खटल्यातील वस्तुस्थिती व कादंबरीतील कल्पना यांतील फरक सांगू शकाल;
• एकाच घटनेच्या निरनिराळ्या कथनांचा विचार करू शकाल.

१. मूळ खटला

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या आरंभी कॅनडा ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. ग्रेस मार्क्स ही मुलगी १८४० मध्ये आपल्या गरीब कुटुंबाबरोबर आयर्लंडहून तेथे आली आणि लहान वयातच लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबू लागली. टोरांटोच्या उत्तरेस रिचमंड हिलजवळ टॉमस किनिअर नावाचे गृहस्थ राहत. १८४३ च्या जुलै महिन्यात ते आणि त्यांचे घर सांभाळणारी नॅन्सी माँटगोमेरी या दोघांचा खून झाला. ग्रेस त्या घरी काही आठवड्यांपूर्वीच कामाला लागली होती. ती आणि जेम्स मॅकडरमॉट हा गडी सरोवर ओलांडून अमेरिकेत पळून गेले व तेथे पकडले गेले. तेव्हा ग्रेस जेमतेम सोळा वर्षांची होती.

नोव्हेंबर १८४३ मध्ये टोरांटो येथे खटला चालला. किनिअर यांच्या खुनाबद्दल दोघांनाही फाशीची शिक्षा झाली. फाशी ठरलीच आहे, म्हणून नॅन्सीच्या खुनाचा खटला चालवण्याची गरज कोणाला वाटली नाही. त्यामुळे नॅन्सीच्या मृत्यूत ग्रेसचा वाटा किती, याची न्यायालयात कधी छाननीच झाली नाही.

मॅकडरमॉटला त्याच महिन्यात फाशी दिली गेली. ग्रेसचे कोवळे वय लक्षात घेऊन तिला जन्मठेप देण्यात आली. पुढची सुमारे एकोणतीस वर्षे ती बंदिवासात होती. त्यांतील काही काळ तिला मनोरुग्णालयातही ठेवले होते. १८७२ मध्ये तिला माफी मिळाली आणि ती अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात गेली. त्यानंतर तिचा मागमूस लागत नाही.

२. एक घटना, अनेक कथने

ग्रेसविषयी पुष्कळांनी लिहिले. कोणी तिला कारस्थानी ठरवले, तर कोणी भेदरलेली अजाण पोर मानले. सुझाना मूडी या लेखिकेने तिला तुरुंगात व मनोरुग्णालयात पाहिले होते. १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मूडी यांनी, ग्रेसनेच मत्सरापोटी मॅकडरमॉटला खुनास प्रवृत्त केले, असे चित्र रंगवले.

अ‍ॅटवुड यांनी प्रथम हेच कथन खरे मानले आणि त्याच्या आधारे दूरचित्रवाणीसाठी एक नाटक लिहिले. ते १९७४ मध्ये प्रसारित झाले. पुढे जुनी कागदपत्रे तपासताना त्यांना दिसले, की मूडी यांनी आठवणीवर विसंबून लिहिले होते आणि त्यात अनेक चुका होत्या. नॅन्सीच्या मृत्यूची हकीकत तर खुद्द ग्रेसच्या नावावर किमान तीन प्रकारची आढळते. शिवाय ग्रेसचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते वकील, पत्रकार यांच्या हातून. बोलणारी एक गरीब मोलकरीण आणि लिहिणारे दुसरेच, अशी ही स्थिती होती.

३. कादंबरीकाराचे काम

कादंबरी लिहिताना अ‍ॅटवुड यांनी स्वतःसाठी एक नियम घालून घेतला. जेथे नोंद पक्की आहे, तेथे ती बदलायची नाही. जेथे रिकामी जागा आहे, तेथे कल्पनेला वाव द्यायचा.

याचे एक उदाहरण पाहू. पळून जाताना ग्रेसने 'मेरी व्हिटनी' हे नाव धारण केले होते. एवढीच नोंद. कादंबरीत मात्र मेरी व्हिटनी ही ग्रेसची जिवलग मैत्रीण होते. तीही मोलकरीण असते आणि धनिकाच्या मुलाने फसवल्यानंतर गर्भपातात तिचा जीव जातो. हे पात्र काल्पनिक आहे. पण त्या काळी घरकाम करणाऱ्या मुली किती असुरक्षित होत्या, हे त्यातून उमगते. शीर्षकातील 'एलियस' म्हणजे 'ऊर्फ' हा शब्दही येथे सार्थ ठरतो.

सायमन जॉर्डन हा तरुण डॉक्टरही काल्पनिकच आहे. १८५९ मध्ये तो ग्रेसला भेटतो आणि खुनाच्या दिवसाची आठवण जागी करण्याचा प्रयत्न करतो. ग्रेस शिवणकाम करता करता त्याला आपली कहाणी सांगते. कादंबरीच्या भागांनाही गोधडीच्या नक्षींची नावे दिली आहेत. निरनिराळे तुकडे जोडून गोधडी शिवावी, तशी ही कथा पत्रे, कबुलीजबाब व आठवणी जोडून रचली आहे.

४. निवाडा

न्यायालयाला दोषी की निर्दोष हे ठरवावेच लागते. अ‍ॅटवुड मात्र तो प्रश्न शेवटपर्यंत उघडा ठेवतात. तिच्याविषयी निश्चित मत देणाऱ्या साऱ्यांना ती खरोखर किती माहीत होती, असा विचार वाचकाच्या मनात येतो. एकाच्या जिवाचा प्रश्न असताना दुसऱ्याने लिहिलेले शब्द किती सावधपणे वाचले पाहिजेत, याची जाणीव ही कादंबरी करून देते.

शब्दार्थ

तुटपुंजा – अपुरा. छाननी – बारकाईने तपासणी. मागमूस – ठावठिकाणा. ऊर्फ – दुसऱ्या नावाने ओळखला जाणारा. निवाडा – निर्णय.

स्वाध्याय

१. नॅन्सीच्या खुनाचा खटला का चालवला गेला नाही? त्याचा परिणाम काय झाला?
२. पाठातील दोन वास्तव व दोन काल्पनिक व्यक्तींची नावे लिहा.
३. मूडी यांच्या कथनावर पूर्णपणे विसंबून राहणे योग्य का नव्हते?
४. तुमच्या परिसरातील एखादी घटना दोन व्यक्तींकडून ऐका. दोन्ही कथनांतील साम्य व फरक आठ-दहा ओळींत लिहा.